सोयाबीन, थायरॉइडची गोळी आणि कॅलेंडरवरचे ठिपके

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात त्या नौपाड्यातल्या माझ्या क्लिनिकमध्ये आल्या, तेव्हा हातात कापडी पिशवी होती. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी ती टेबलावर रिकामी केली. सोया दुधाचा खोका, जवसाच्या पुडीची बरणी, शतावरी कल्पाचा डबा, अशोकारिष्टाची बाटली आणि ऑनलाइन मागवलेली एक कॅप्सूलची डबी. "मॅडम, यातलं नेमकं काय घेऊ ते सांगा. सगळं चालू आहे, आणि तरी रात्री दोनदा उठून कपडे बदलते."

मी आहारतज्ज्ञ आहे. रजोनिवृत्तीच्या उंबरठ्यावरच्या आणि तो ओलांडलेल्या बायका माझ्याकडे रोज येतात. पण हे प्रकरण मी सविस्तर लिहून ठेवते आहे, कारण वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनबद्दल (म्हणजे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे वागणारे, सोयाबीन-जवसात असणारे पदार्थ) मला जे सांगायचं असतं ते जवळजवळ सगळं या एकाच बाईच्या आठ-नऊ महिन्यांत आलं. लिहायला त्यांची परवानगी आहे. ओळख कळू नये म्हणून त्यांना इथे नुसतं 'ताई' म्हणते, आणि काही तपशील बदलले आहेत.

वय ४९. राहायला वर्तकनगर, नोकरी रबाळे एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये. माहेर लातूर जिल्ह्यातलं. शेवटची पाळी १४ महिन्यांपूर्वीची. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात, आणि आपल्याकडे ती सरासरी ४६-४७ व्या वर्षी येते. म्हणजे वयाच्या हिशेबाने काही वावगं नव्हतं. थायरॉइड आठ वर्षांपासून कमी, रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी. रक्तदाब, साखर ठीक. मावशीला स्तनाचा कर्करोग झाला होता.

मुख्य तक्रार गरम वाफांची. ताईंच्याच शब्दांत सांगायचं तर, "सकाळी ठाण्याला लेडीज डब्यात चढले की ऐरोली यायच्या आत छातीतून एक वाफ वर चढते. मान, कान, कपाळ. ओढणी ओली होते. शेजारची विचारते, बरं नाही का? दोन-तीन मिनिटांत ओसरतं आणि मग अंग एकदम गार पडतं." रात्रीचं तेच, फक्त अंधारात आणि एकटीने. आमचे हे पंखा कमी करतात, मी वाढवते, असंही त्या म्हणाल्या.

हे मनाचे खेळ नाहीत, हे आधी सांगते, कारण वर्षभरापूर्वी एका डॉक्टरांनी त्यांना 'या वयात असंच होतं, मन रमवा' म्हणून परत पाठवलं होतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा असते. इस्ट्रोजेन उतरलं की तिथल्या काही चेतापेशी जास्तच उत्तेजित होतात आणि शरीराला चालणाऱ्या तापमानाचा पट्टा अरुंद होतो. एरवी लक्षातही न येणाऱ्या उबेला शरीर 'फार गरम झालं' समजतं, कातडीतल्या रक्तवाहिन्या उघडतं, घाम सोडतं. अमेरिकेतल्या दीर्घकालीन पाहणीत हा त्रास सरासरी सात वर्षांहून जास्त टिकलेला दिसला आहे. सात वर्षं मन कुठे रमवायचं?

'हे तर झाडपाल्याचं आहे'

ताईंनी हार्मोनच्या गोळ्यांचा विचारही केला नव्हता. मावशीचं आजारपण त्यांनी जवळून पाहिलं होतं. जाऊबाईंनी सोया आणि शतावरी सुचवली, बाकीचं फोनवर सापडलं. "हार्मोन नकोत मला, मॅडम. हे तर झाडपाल्याचं आहे."

ही समजूत मी आठवड्यातून चार वेळा ऐकते आणि दर वेळी थांबून समजावते. सोयाबीनमधले आयसोफ्लेव्होन (जेनिस्टीन आणि डेडझीन हे मुख्य) किंवा जवसातले लिग्नन यांची ठेवण इस्ट्रोजेनशी इतकी मिळतीजुळती असते की शरीरात ज्या कुलपांना इस्ट्रोजेनची किल्ली लागते, त्याच कुलपांत ही घुसते. कुलपं दोन तऱ्हेची, अल्फा आणि बीटा. वनस्पतीची किल्ली बीटामध्ये बरी बसते, अल्फामध्ये कमी, आणि फिरते ती मूळ किल्लीपेक्षा कितीतरी हलकी. म्हणजे ती निरुपद्रवी म्हणून काम करते असं नाही. काम करत असेल तर हार्मोनसारखी वागते म्हणूनच. 'हार्मोन नको' आणि 'सोयाने फरक पडावा' या दोन इच्छा एकाच दाराच्या आहेत, हे कळलं की पुढचं बोलणं सोपं होतं.

ताईंनी ते शांतपणे ऐकलं. मग पिशवी आवरता आवरता म्हणाल्या, "एक चांगली गोष्ट सांगायची राहिली. गेल्या आठवड्यात दोन दिवस थोडे डाग पडले. म्हणजे लागू पडतंय ना? पाळी परत येतेय."

मी पेन खाली ठेवलं.

रजोनिवृत्तीनंतर पुन्हा रक्त दिसणं ही चांगली बातमी कधीच समजायची नाही. थेंबभर असलं तरी. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग अनेकदा पहिल्यांदा याच खुणेने समोर येतो आणि त्या टप्प्यावर सापडला तर उपचार चांगले होतात. पिशवीतलं सगळं त्या दिवसापासून बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशीची स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ मी स्वतः फोन करून घेतली. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत अस्तराची जाडी ७ मिलिमीटर आली. रक्तस्राव झालेला असताना ४ मिलिमीटरच्या वर जाडी गेली की तुकडा तपासतात. दुर्बिणीतून पाहिल्यावर छोटा पॉलिप (अस्तरावर वाढलेला कोंब) दिसला, तो काढला. अहवाल यायला अकरा दिवस लागले. त्या अकरा दिवसांत ताईंनी मला रोज रात्री एक मेसेज केला, फक्त 'जेवले' एवढाच. कर्करोग नव्हता.

पॉलिप त्या कॅप्सूलमुळे झाला असं म्हणायला माझ्याकडे काही आधार नाही. पाच महिनेच घेतल्या होत्या. पण डबीवर 'मिश्रण ५०० मिलिग्रॅम' एवढंच छापलेलं. त्यात सोया किती, रेड क्लोव्हर (हीही आयसोफ्लेव्होन असलेली वनस्पती) किती, काही पत्ता नाही. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका इटालियन चाचणीत रोज १५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होनच्या गोळ्या पाच वर्षं घेणाऱ्या काही बायकांत गर्भाशयाचं अस्तर वाजवीपेक्षा वाढलेलं आढळलं. नुसत्या खोट्या गोळ्या घेणाऱ्या गटात एकीतही नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये एकूण पुरावा पाहून नेहमीच्या मात्रेत धोका दिसत नसल्याचं म्हटलं आहे. मला त्या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून एवढंच कळतं, की ज्या डबीवर मात्राच लिहिलेली नाही ती घेण्यात अर्थ नाही.

अशोकारिष्टाबद्दल दोन शब्द. त्यात अशोकाची साल असते, आणि खऱ्या अशोकाच्या सालीत आसोपालवाची साल मिसळली जाणं हा या व्यापारातला जुना रोग आहे. आसोपालव म्हणजे आपल्या सोसायट्यांच्या कंपाउंडला उभा असतो तो सरळसोट 'खोटा अशोक'. शिवाय हे औषध आंबवून होतं, त्यात आपसूक तयार झालेला अल्कोहोल असतो. गरम वाफांवर त्याचा उपयोग होतो असा भरवशाचा पुरावा मी पाहिलेला नाही. शतावरीचंही तेच; बाळंतिणीच्या खुराकातला तिचा मान वेगळा, हा विषय वेगळा.

माझ्याकडून सुटलेली गोष्ट

दुसऱ्या भेटीत मी विचारलं, जे पहिल्याच भेटीत विचारायला हवं होतं: थायरॉइडची गोळी इतके दिवस कशाबरोबर घेत होतात? "सकाळी उठल्यावर, रिकाम्या पोटी. सोया दुधाबरोबरच. दोन्ही चांगलं रिकाम्या पोटी घेतलेलं, नाही का?"

गेले पाच महिने ताई प्रचंड थकत होत्या. केस गळत होते, पोट साफ होत नव्हतं, दोन किलो वजन वाढलं होतं. हे सगळं त्यांनी पाळी गेल्याच्या खात्यात टाकलं होतं आणि म्हणून सोया दूध आणखी नेमाने घेत होत्या. सोया थायरॉइडची गोळी आतड्यातून नीट शोषू देत नाही. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्याही तसंच करतात, आणि ताईंची कॅल्शियमची गोळी नाश्त्याबरोबर होती. टीएसएच (रक्तातला हा आकडा चढला म्हणजे थायरॉइड कमी पडतंय) तपासलं तर ११.४. वर्षापूर्वी ३.१ होतं.

मात्रा वाढवायची गरज त्यांच्या डॉक्टरांना वाटली नाही, वेळा बदलल्या. गोळी पहाटे साडेपाचला साध्या पाण्याबरोबर, चहा तासाभराने. सोया आणि कॅल्शियम गोळीपासून निदान चार तास लांब, म्हणून दोन्ही संध्याकाळनंतर. आठ आठवड्यांनी टीएसएच ३.४ आलं. जुलैमध्ये ताई म्हणाल्या, "तिसऱ्या मजल्यावर न थांबता चढले." हा बदल कुठल्याही वनस्पतीने दिलेला नाही. ती एका गोळीची आणि एका ग्लासाची वेळ होती. थायरॉइडची गोळी आणि सोया दोन्ही चालू असलेल्या बायका आपल्या भागात घरोघरी आहेत, म्हणून मी हे इतकं ठासून लिहिते आहे.

कॅलेंडर

अहवाल आल्यावर ताईंनी पुन्हा विचारलं: सोया घेऊ का? स्त्रीरोगतज्ज्ञांची हरकत नव्हती, अन्न म्हणून. हार्मोन उपचाराचीही त्यांनी माहिती दिली. २००२ मध्ये अमेरिकेतली मोठी चाचणी मध्येच थांबली आणि जगभर धास्ती पसरली, पण त्या चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या, त्रास असलेल्या आणि इतर अडचण नसलेल्या बाईला फायदा सहसा जास्त होतो, असं आज तज्ज्ञ मानतात. नुसत्या मावशीच्या कर्करोगामुळे दार बंद होत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ताई म्हणाल्या, "आत्ता नको." तो त्यांचा अधिकार.

मी एकच अट घातली. मोजायचं. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावरच. दिवसाच्या वाफेला निळा ठिपका, रात्रीच्या वाफेला लाल. मे महिन्याचं पान त्यांनी मला फोटो काढून पाठवलं ते अजून माझ्याकडे आहे. एकेका चौकोनात 'दूध २', 'गॅस लावला', 'बाई आली नाही', संकष्टीचा छापील लाल अक्षरातला ठसा, आणि या सगळ्याच्या फटींतून पेनाच्या टोकाने टेकवलेले ठिपके. कुठे सात, कुठे नऊ. एका चौकोनात जागा उरली नाही म्हणून ठिपके शेजारच्या तारखेत घुसलेले. सरासरी दिवसाला ७-८, रात्री ३.

मग जूनच्या पहिल्या तारखेपासून सोया सुरू केलं. गोळ्या नाहीत, पूड नाही. रोज ४०-५० मिलिग्रॅम आयसोफ्लेव्होन पोटात जातील असं बघितलं: संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर बिनसाखरेचं सोया दूध एक ग्लास (यातून साधारण २५), आणि जेवणात शिजवलेलं सोयाबीन, टोफू किंवा सोया वडी यांपैकी काहीतरी. १०० ग्रॅम शिजवलेल्या दाण्यांतून ५०-६० मिळतात, म्हणजे अर्धी वाटी पुरते.

"पण आम्ही तर वर्षानुवर्षं सोयाबीन तेलातच जेवतोय," ताई म्हणाल्या. तेलात आयसोफ्लेव्होन जवळजवळ नसतातच; ते राहतात पेंडीत. याचं त्यांना फार वाईट वाटलं, कारण भावाच्या शेतात दरवर्षी सोयाबीन होतं. सगळं मोंढ्यावर जातं, तेलाच्या गिरणीत जातं. घरात ते कधी शिजलंच नाही. लहानपणी कुणी शिजवलं असतं तर 'ढोरांचं खाणं' म्हणून हसले असते, असं त्या म्हणाल्या.

शिजवायला त्यांना मीच शिकवलं, कारण पहिल्या प्रयत्नात घरच्यांनी ताट सरकवलं होतं. दाणे रात्रभर, दहा-बारा तास भिजवायचे. सकाळी हातांनी चोळून वर तरंगणारी सालं काढायची. कुकरमध्ये पाणी बेताचंच घालायचं, कारण आयसोफ्लेव्होन थोडे पाण्यात उतरतात आणि ते पाणी ओतून दिलं की तेही गेले. फेस येतो, तो काढून मग झाकण लावायचं, सहा-सात शिट्ट्या. दाणा बोटांत दाबला की लोण्यासारखा मोडला पाहिजे, नाहीतर पोट धरतं. फोडणीत लसूण सढळ, वर गोडा मसाला आणि दोन आमसुलं. आमसुलाने तो कच्चट वास जातो. तिसऱ्या वेळी मुलाने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

जवस कायमचं बंद केलं नाही, अहवालानंतर पुन्हा सुरू केलं, पण त्याच्याकडून अपेक्षा काढून घेतली. अमेरिकेत आधी एका छोट्या पाहणीत जवसाने गरम वाफा निम्म्यावर आल्या होत्या. मग १८८ बायकांवर नीट चाचणी झाली तेव्हा जवसाची वडी आणि नुसती वडी यांत फरकच निघाला नाही. दोन्ही गटांतल्या साधारण एक तृतीयांश बायकांचा त्रास निम्मा झाला! ताईंच्या माहेरच्या पद्धतीची जवसाची चटणी भाकरीबरोबर राहिली, ती चवीसाठी आणि पोट साफ राहावं म्हणून.

ठिपके काय म्हणाले

सोयाबद्दलचा एकूण पुरावा मी ताईंना आधीच सांगितला होता, कारण मला खोटी आशा विकायची नव्हती. २०१६ मध्ये ६२ चाचण्या एकत्र करून पाहिल्या, तर वनस्पतीजन्य इस्ट्रोजेनने दिवसाला सव्वाएक वाफ कमी झाली, योनीचा कोरडेपणा थोडा कमी झाला, रात्रीच्या घामावर फरक पडला नाही. त्याआधीच्या २०१३ च्या मोठ्या आढाव्याला ठोस निष्कर्ष काढता आला नव्हता. अमेरिकेच्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हार्मोनशिवायच्या उपायांची यादी तपासली, तेव्हा सोयाची शिफारस केली नाही. वर्तनोपचार आणि काही औषधांची केली. काही प्रमाणात हे ज्याच्या-त्याच्या आतड्यावरही अवलंबून असावं. डेडझीनपासून इक्वॉल नावाचा जास्त जोरकस पदार्थ आतड्यातले ठरावीक जंतू बनवतात, आणि ते सगळ्यांकडे नसतात. जपानमध्ये साधारण निम्म्या लोकांकडे, पाश्चात्त्य देशांत त्याहून बरेच कमी.

जुलैअखेर ताई कॅलेंडर घेऊनच आल्या. दिवसाचे निळे ठिपके ४ वर आले होते. लाल अडीच. त्या इतक्या खूश होत्या की मला पान उलटायला नको वाटलं. पण उलटलं.

ठिपके विरळ व्हायला सुरुवात झाली होती जूनच्या दुसऱ्या आठवड्यात. त्या चौकोनात ताईंच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'पाऊस'. सोया सुरू होऊन तेव्हा दहा दिवसही झाले नव्हते, आणि त्याचा परिणाम फार सावकाश होतो. चाचण्यांच्या एका विश्लेषणात सोयाचा निम्मा परिणाम दिसायला १३ आठवडे लागलेले दिसले, जिथे इस्ट्राडायॉलला (हार्मोन उपचारातल्या इस्ट्रोजेनला) ३ लागले. मेमधल्या ठाण्याच्या घामट हवेत भरलेल्या डब्यात उभी असलेली बाई आणि पावसाळी वाऱ्यात खिडकीशी उभी असलेली बाई, यांचं शरीर सारखं वागणार नाही. हे मी त्यांना बोलून दाखवलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग ऑक्टोबर येऊ दे. तेव्हा कळेल."

यापेक्षा चांगली चाचणी मलाही सुचली नसती.

मधल्या एका भेटीत, निघताना, दाराच्या कडीला हात लावून त्यांनी हळूच सांगितलं की नवऱ्याजवळ जाणं त्या वर्षभर टाळत आहेत, कोरडेपणामुळे दुखतं म्हणून. तीन भेटींत हे आलं नव्हतं, आणि मीही विचारलं नव्हतं. आता मी प्रत्येकीला विचारते. यावर सोयाची वाट पाहत बसण्यात अर्थ नव्हता. स्त्रीरोगतज्ज्ञांनी योनीत लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं मलम दिलं. त्यातलं रक्तात फारच थोडं जातं. सहा आठवड्यांत ती तक्रार संपली. हार्मोन नकोच म्हणणाऱ्या ताईंनी ते का स्वीकारलं, असं मी विचारलं तर म्हणाल्या, "आता कळलं ना कुठल्या कुलपाची किल्ली आहे ते."

ऑक्टोबर आला. नवरात्राचे नऊ दिवस त्यांनी उपवास केला, म्हणजे सोया पूर्ण बंद. वर हीट, दुपारी रबाळ्याच्या रस्त्यावर उभं राहवत नाही अशी. त्या महिन्याचे निळे ठिपके सरासरी ५. जुलैपेक्षा एक जास्त, मेपेक्षा अडीच कमी. उपवासाच्या नऊ दिवसांत वेगळी वाढ दिसली नाही. मेमधल्या आणि ऑक्टोबरमधल्या ताईंत मात्र बराच फरक पडला होता: थायरॉइड ताब्यात, जेवण आठच्या आत, संध्याकाळचा चहा बंद, पंखा पायथ्याकडून, तीन किलो वजन कमी. त्या अडीच ठिपक्यांतला सोयाचा वाटा माझ्या अंदाजाने एखादा ठिपका असेल. ताईंचा अंदाज दोनचा आहे. एका बाईच्या कॅलेंडरवरून याच्या पुढे जाता येत नाही.

दिवाळीत लातूरहून भाऊ आला तो पाच किलो सोयाबीन घेऊन. उसळ आता घरात आठवड्यातून दोनदा होते, वाफांसाठी नाही, सगळ्यांना आवडते म्हणून. सोया दूध ताईंनी सोडलं. चव आवडत नव्हती, हे त्यांनी सहा महिन्यांनी कबूल केलं. कॅप्सूलची डबी मी टाकून द्यायला सांगितली होती, ती दिली.

लाल ठिपके मात्र अडीचच्या खाली गेलेले नाहीत. जानेवारीत नवं कालनिर्णय टांगल्यावर ताईंनी पहिल्या पानावर तीन गोष्टी लिहिल्या: टीएसएचची तारीख, हाडांच्या घनतेच्या तपासणीची तारीख, आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ. शेवटच्या नोंदीपुढे कंसात लिहिलं आहे, 'रात्रीच्या घामासाठी गोळ्यांचं विचारायचं'.